पटावरील नावे : त्यांचा अर्थ व आपली जबाबदारी

(केंद्र शाळेत भरलेल्या शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



नव्या वर्षाचे प्रवेश आता थोड्याच दिवसांत सुरू होतील. वाचन, गणित, उपस्थिती या विषयांवर आपण या परिषदेत नेहमीच बोलतो. आज मी दाखलखारीज रजिस्टरातील एका रकान्याविषयी बोलणार आहे. 'विद्यार्थ्याचे संपूर्ण नाव' हा तो रकाना होय. तो आपण अर्ध्या मिनिटात भरतो. परंतु मुलाला मात्र तो जन्मभर सोबत वागवावा लागतो.

प्रथम माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो. सुमारे तीस वर्षांपूर्वी मी एका लहान गावी नव्यानेच शिक्षक म्हणून रुजू झालो होतो. पहिलीत दाखल करण्यासाठी एक आजी आपल्या नातवाला घेऊन आल्या. मुलाचे नाव कचरू. मला वाटले, असे नाव घेऊन हा मुलगा पुढे चारचौघांत कसा वावरणार ? मी कोणास न विचारता 'कचेश्वर' असे लिहून टाकले. दुसऱ्या दिवशी आजी पुन्हा आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, ह्याच्या आधीची तीन गेली. ह्याला उकिरड्यावर ठेवला आन् मग पदरात घेतला, म्हणून हा कचरू. तेवढं नाव मोडू नका." शाळेत चांगले नाव असावे लागते, असे शहाणपण सांगून मी त्यांची बोळवण केली. पुढे तो मुलगा मोठा झाला. ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत कचरू आणि शाळेच्या दाखल्यात कचेश्वर, ही दोन माणसे एकच आहेत हे सिद्ध करण्यासाठी त्याला प्रतिज्ञापत्र करावे लागले, राजपत्रात जाहिरात द्यावी लागली व मजुरीचे कित्येक दिवस बुडवावे लागले. माझ्या अज्ञानाची किंमत त्याने भरली.

हे अज्ञान कोणते होते ? धोंडू, दगडू, कचरू, केरू, उकिरडा, भिकू ही नावे आपण हीन समजतो. वस्तुतः ती अत्यंत मायेने ठेवलेली नावे आहेत. ज्या घरी मुले जगत नसत, तेथे नव्या जिवाला दृष्ट लागू नये, काळाची नजर त्याच्यावर जाऊ नये, म्हणून त्यास टाकाऊ वस्तूचे नाव देत. कोठे मूल क्षणभर उकिरड्यावर ठेवून दुसऱ्याकरवी उचलून आणवीत, कोठे सूपभर धान्य देऊन ते 'विकत' घेत. धोंडा फुटत नाही, दगड मरत नाही. तसे हे लेकरू टिको, हीच त्यातील प्रार्थना. ज्या काळी देवी, पटकी यांसारख्या रोगांनी घरेच्या घरे रिकामी होत, त्या काळातील आईचा आकांत या दोन-तीन अक्षरांत साठलेला आहे. असे नाव ऐकून वर्ग हसला, तर त्यास थांबविणे आणि त्या नावामागील माया सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य होय.

परंतु वरवर याच जातीचे दिसणारे एक नाव अगदी निराळे आहे. ते म्हणजे नकुशी किंवा नकुसा. मुलीपाठोपाठ मुलगी झाली म्हणजे 'आता ही नको' असे तिच्या नावातच सांगून टाकावयाचे, ही त्यातील भावना. कचरूला जगवावे म्हणून त्याचे नाव कचरू. नकुशीला मात्र ती जगत असतानाच नको म्हटलेले असते. सन २०११ च्या ऑक्टोबर महिन्यात सातारा येथे समारंभपूर्वक २८५ नकुशींची नावे बदलण्यात आली. त्या मुलींना नवी नावे मिळाली, हे योग्यच झाले. आपल्यासमोर असे नाव आले, तर पालकांशी एकांतात, मुलीला न दुखविता बोलावे आणि प्रवेशापूर्वीच जन्मनोंदीपासून रीतसर बदल करून घेण्याची वाट दाखवावी. परस्पर लेखणी चालवू नये.

आता इतर नावांकडे वळू. आपल्या गावातील पट उघडला, तर त्या मुलखाचे दैवत कळते. खंडोबाच्या प्रभावळीत खंडू, मल्हारी, मार्तंड. जोतिबाच्या परिसरात जोतीराम, केदार. भैरवनाथाच्या गावी भैरू, बहिरू. बिरोबावरून बिरू, बिरुदेव. तुळजाभवानीवरून तुळजाराम, अंबादास. पंढरीच्या वाटेवर पांडुरंग, पंढरीनाथ, ज्ञानदेव, तुकाराम. आज पहिलीच्या पटावर ही नावे विरळ होत चालली असून आरव, आराध्या यांची गर्दी झाली आहे. त्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. पण आजोबांच्या नावाचा अर्थ नातवास ठाऊक असावा.

आडनावांची गोष्ट याहूनही मनोरंजक आहे. काही आडनावे गावावरून आली. चिपळूणकर, सातारकर, पंढरपूरकर यांतील 'कर' त्या घराण्याचे मूळ ठिकाण सांगतो. बहुधा गाव सुटल्यावरच माणसास गावाचे नाव चिकटते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. काही आडनावे कामावरून आली. सुतार, लोहार, कुंभार, गुरव ही गावगाड्यातील. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे ही वतनाची. चिटणीस, फडणीस, पारसनीस यांतील 'नीस' हा फारसीतील लिहिणारा, म्हणजे 'नवीस' होय. पोतदार म्हणजे नाण्यांची पारख करणारा. जाधवांचा यादवांशी, साळुंख्यांचा चालुक्यांशी, कदमांचा कदंबांशी संबंध जोडला जातो, तो कुळावरून.

मात्र आडनाव ही दगडावरची रेघ नव्हे. महात्मा जोतीराव फुले यांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पुण्यात फुलांचा व्यवसाय सुरू झाला आणि गोऱ्ह्यांचे फुले झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे कूळ सकपाळ, मूळ गाव कोकणातील आंबडवे. त्या गावावरून आंबडवेकर. साताऱ्याच्या शाळेत आंबेडकर नावाचे एक शिक्षक होते. त्यांनी हे उच्चारास अवघड नाव बदलून स्वतःचे आडनाव या विद्यार्थ्यास दिले, ही हकीकत बाबासाहेबांनीच सांगितली आहे. तेच शिक्षक मधल्या सुटीत आपल्या शिदोरीतील भाकरी-भाजी त्यास देत. ७ नोव्हेंबर १९०० हा त्या शाळेतील प्रवेशाचा दिवस महाराष्ट्रात २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. शिक्षकाच्या लेखणीत केवढे सामर्थ्य असते, याचे याहून मोठे उदाहरण मला ठाऊक नाही. त्या गुरुजींनी नावाबरोबर भाकरीही दिली; मी नाव दिले आणि आजीचे ऐकूनही घेतले नाही. दोन्ही लेखण्यांतील अंतर ते हेच.

आणखी एक सावधगिरी सांगतो. जाधव, पवार, गायकवाड, शिंदे, मोरे ही आडनावे अनेक जातींत आढळतात. म्हणून आडनावावरून जात ताडण्याचा खटाटोप व्यर्थ आहे. आणि तो वर्गात मुलांसमोर करणे हा गुन्हाच समजावा. नावाचा अर्थ विचारावा, तो माणसे जवळ येण्यासाठी.

व्यवहारात आपण पुढील गोष्टी कराव्यात. प्रवेश देताना जन्मदाखला समोर ठेवूनच नाव लिहावे. ते पालकांस मोठ्याने वाचून दाखवावे. ऱ्हस्व-दीर्घ व इंग्रजी अक्षरलेखन त्याच वेळी पक्के करावे. आईचे नाव आदराने विचारावे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या शासकीय कागदपत्रांत बालकाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे व शेवटी आडनाव असा क्रम महाराष्ट्र शासनाने ठरविला आहे. ती मुले लवकरच आपल्या दारी येतील. तिसरी-चौथीच्या मुलांना 'माझ्या नावाची गोष्ट' घरी विचारून यावयास सांगावे. ज्या मुलास वडील नाहीत, किंवा जे आश्रयाने वाढत आहे, त्याला सर्वांसमोर उभे करू नये. त्याने आपल्या आवडीच्या कोणत्याही नावाची गोष्ट सांगावी.

हजेरी घेताना आपण दररोज तीस-चाळीस नावे उच्चारतो. पुष्कळदा ती आपण ओझे उतरविल्याप्रमाणे उरकतो. उद्यापासून प्रत्येक नाव पूर्ण, शुद्ध आणि मुलाकडे पाहून घ्यावे, एवढीच विनंती आहे. त्या आजी आज हयात नाहीत. त्यांची क्षमा मागण्याची संधी मला मिळाली नाही. आपणांवर तशी पाळी येऊ नये, म्हणून हे चार शब्द बोललो.