दुरुस्ती घराची, नाव कुणाचं?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणावरून)



घरदुरुस्तीच्या सरकारी कर्जयोजना बाईच्या बाजूनं तपासायच्या कशा, एवढ्यापुरतंच मी बोलणार आहे. किती कर्जं दिली, किती पैसे वाटले, हे आकडे सरकारी अहवालात असतात. ते लागतातच. पण कर्ज फिटल्यावर ते घर कुणाचं, हे त्यातून कळत नाही.

उदाहरण घेऊ २०१५ साली सुरू झालेल्या शहरी प्रधानमंत्री आवास योजनेचं. तिच्यात कमी उत्पन्न गटांसाठी कर्जावर व्याज अनुदान होतं. ते ३१ मार्च २०२२ला बंद झालं. वर्षाला ६ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला पहिल्या ६ लाखांच्या कर्जावर साडेसहा टक्के अनुदान, जास्तीत जास्त २० वर्षांसाठी. अनुदानाची रक्कम एकदमच कर्जखात्यात जमा होई, त्यामुळे हप्ता उतरे. राहत्या घराला खोली, स्वयंपाकघर, संडास जोडायलाही हे कर्ज चाले. बाईचा दिवस ज्यानं बदलतो, नेमकी तीच कामं! इथवर योजना चांगलीच म्हणायची.

आता अट पाहा. नवं घर विकत घ्यायचं तर मालकीत घरातल्या बाईचं नाव हवंच. राहत्या घराची वाढ-दुरुस्ती असेल तर मात्र ही अट नव्हती. नाव बदलायला लावलं तर कर्ज अडेल, असा विचार त्यामागे असावा. तो समजतो, पण पटत नाही. कारण जुनी घरंच तर सासऱ्याच्या, नवऱ्याच्या, कधी चार भावांच्या सामायिक नावावर असतात. अट जिथे सर्वांत जास्त हवी होती, तिथेच ती गाळली.

कर्जाच्या कागदावर मात्र बाईची सही लागते. पगार दोघांचा धरला की कर्ज जास्त मिळतं, म्हणून तिला सहकर्जदार करतात. सहकर्जदार म्हणजे सहमालक नव्हे, हे तिला सही करताना कुणी सांगत नाही. हप्ते थकले तर बँक तिलाही धरणार, आणि घर विकलं तर पैसे मागायला तिचं नाव कुठेच नाही. बचत गटातून उचल घेऊन तिनं भरलेल्या हप्त्यांची तर नोंदही नसते. २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानं तिला घरात राहण्याचा हक्क दिला. तो मोठाच आहे, पण तो मालकीचा हक्क नाही.

जुन्या घरावर नाव चढवता येत नाही, असं कुणी म्हणालं तर ‘घर दोघांचे’ची आठवण द्या. २००३ साली महाराष्ट्र शासनानंच ग्रामपंचायतीच्या घरनोंदीत नवरा-बायको दोघांची नावं लावायचं ठरवलं होतं. ती नोंद करआकारणीची, मालकीचा पक्का पुरावा नव्हे. आणि गावोगावी ती आपल्या बायांना भांडूनच करून घ्यावी लागली. तरी राहत्या घरासाठी असा नियम करता येतो, हे त्यातून दिसलं.

तेव्हा माहितीच्या अधिकारात आपण राष्ट्रीय आवास बँक आणि हुडको यांना विचारू या. आपल्या शहरात अनुदानाची किती कर्जं वाढ-दुरुस्तीसाठी गेली? त्यांतल्या किती घरांवर बाईचं नाव आहे? किती जणी नुसत्याच सहकर्जदार? विधवा, परित्यक्ता, एकट्या बाया किती? अर्जाचा मसुदा मी आणलाय. जेवणाच्या सुट्टीत शहरं वाटून घेऊ.