शाळेतून विद्यापीठाकडे

(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील मुख्याध्यापिकांचे भाषण)



खमरियातील माणसाला बदली हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. १९४२ साली येथे आयुध निर्माणी सुरू झाली आणि पुढे खडकी, अंबाझरी, वरणगाव येथील निर्माण्यांशी आपल्या घरांचे नाते जुळले. बदलीचा हुकूम आला की सामान बांधायचे आणि मुलांचे दाखले काढायचे, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो आहोत. आज मी ज्या स्थलांतराविषयी बोलणार आहे, ते मात्र हुकमाने झालेले नाही. आपल्या शाळेत चौदा वर्षे गणित शिकविणाऱ्या बाईंची परदेशातील एका विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागात अध्यापनासाठी निवड झाली आहे. सत्र संपताच त्या जातील.

ही वार्ता कळल्यावर पालकांकडून दोन प्रकारचे उद्गार माझ्या कानी आले. काही म्हणाले, ‘‘बरे झाले, बाई शाळेतून सुटल्या. केवढी मोठी बढती!’’ काहींनी विचारले, ‘‘आता दहावीचे गणित कोण शिकविणार? चांगली माणसे अशीच गेली तर मराठी शाळा चालायच्या कशा?’’ पहिल्या उद्गारात कौतुक आहे, दुसऱ्यात काळजी आहे. दोन्हींना उत्तर देणे मुख्याध्यापिका म्हणून मला आवश्यक वाटते.

प्रथम हे जाणे प्रत्यक्षात कसे असते ते पाहू. कारण या सभेत बसलेल्या अनेक मुलामुलींच्या मनातही तो विचार असेल. आपली बी.एड. पदवी शाळेचे दार उघडते. परदेशी विद्यापीठात कायम पदासाठी बहुधा पीएच.डी. आणि प्रसिद्ध झालेले संशोधन मागितले जाते. आपल्या बाईंनी शाळा सांभाळून सात वर्षे रात्री जागून प्रबंध पूर्ण केला, हे त्यांच्या घरच्यांना व मला ठाऊक आहे. अर्जासोबत पुष्कळ ठिकाणी ‘तुम्ही कसे शिकविता आणि का तसे शिकविता’ याचे लेखी निवेदनही द्यावे लागते, आणि निवड समितीपुढे एक पाठ घ्यावा लागतो. अपूर्णांकांचा भागाकार न समजणाऱ्या मुलासमोर ज्याने वर्षानुवर्षे खडू झिजविला आहे, त्याच्यापाशी येथे सांगण्यासारखे पुष्कळ असते. शिक्षक घडविणाऱ्या विभागांत तर शालेय अनुभवाला विशेष मोल असते.

तेथील कामाची रीतही निराळी. आपल्याकडे अभ्यासक्रम मंडळ ठरविते, प्रश्नपत्रिका दुसरा काढतो आणि उत्तरपत्रिका तिसराच तपासतो. अमेरिकेसारख्या देशात शिकविणाराच सत्राची आखणी करतो, परीक्षा घेतो व गुण देतो. स्वातंत्र्य मोठे, तशी जबाबदारीही मोठी. तासिका थोड्या असतात, पण उरलेला वेळ संशोधनाचा असतो आणि त्याचा हिशेब द्यावा लागतो. अनेक नेमणुका ठरावीक मुदतीच्या करारावर असतात. कायमपणाच्या वाटेवरील पद मिळाले तरी साधारण सहा वर्षांनी कामाची कसून तपासणी होते. विद्यार्थी कधी कधी नावाने हाक मारतात. ‘बाई’ हा शब्द तेथे कोणी उच्चारीत नाही. तेव्हा ज्याला आपण सुटका म्हणतो, ती नव्याने उमेदवारी करणे असते.

मराठी माणसांत या वाटेने गेलेला एक थोर पुरुष म्हणजे धर्मानंद कोसंबी. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ साली जन्मलेल्या या माणसापाशी गावातील थोड्याशा शिक्षणापलीकडे काही नव्हते. पुणे, काशी, नेपाळ, सिंहल आणि ब्रह्मदेश अशी भ्रमंती करून त्यांनी संस्कृत व पाली आत्मसात केल्या. कलकत्ता विद्यापीठात पाली शिकविण्याची नोकरी मिळाली, तीही सोडली. कारण महाराष्ट्रात राहून आपल्या लोकांसाठी काम करावयाचे होते. त्यासाठी सयाजीराव गायकवाडांनी दिलेले दरमहा ५० रुपये त्यांनी पुरेसे मानले. पुढे हार्वर्डचे प्राध्यापक जेम्स वुड्स यांच्या परिचयातून १९१० साली ते अमेरिकेस गेले. हेन्री वॉरन यांच्या निधनामुळे अपुरे राहिलेले ‘विशुद्धिमार्ग’ या पाली ग्रंथाचे संपादन त्यांच्याकडे आले. परंतु श्रेयाच्या प्रश्नावरून प्राध्यापक लॅनमन यांच्याशी मतभेद झाले आणि १९१२ साली ते परतले. त्यानंतर फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी सहा वर्षे पाली शिकविली. हार्वर्डच्या कामासाठी ते पुन्हा अमेरिकेस गेले, १९२९ साली लेनिनग्राडलाही गेले. तो ग्रंथ हार्वर्डच्या मालेत १९५० साली प्रसिद्ध झाला, तेव्हा कोसंबींना जाऊन तीन वर्षे झाली होती. परदेशी विद्यापीठात मान मिळतो, तसा मनस्तापही वाट्याला येतो, हे जाणाऱ्याने ओळखून असावे. आणि हेही लक्षात घ्यावे की हार्वर्ड पाहिलेल्या या पंडिताने ‘भगवान बुद्ध’ लिहिले ते मराठीत, आपल्यासाठी.

दुसरे उदाहरण न गेलेल्या माणसाचे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे नाव आपल्या गणिताच्या वर्गातील भिंतीवर आहे. १९०५ साली डहाणू येथे जन्मलेले कापरेकर १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. देवळाली ही आपल्या खमरियासारखीच सैन्याच्या सहवासात वाढलेली वस्ती. त्यांच्यापाशी पदव्युत्तर पदवी नव्हती. चार अंकी संख्या घ्या, सर्व अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा आणि मोठीतून लहान वजा करा. ३५२४ घेतली तर ५४३२ उणे २३४५ म्हणजे ३०८७. त्यावर तीच क्रिया केली की ८३५२, आणि पुन्हा केली की ६१७४. मग कितीही वेळा करा, ६१७४ हलत नाही. कोणतीही संख्या घेतली तरी फार तर सात पायऱ्यांत येथेच येते. १९४९ साली मांडलेल्या या शोधाकडे आपल्याकडे अनेकांनी केवळ खेळ म्हणून पाहिले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्याविषयी लिहिले आणि देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभर झाले. आज परदेशातील विद्यार्थी ‘कापरेकर स्थिरांक’ शिकतात. मास्तर देवळालीतच राहिले आणि त्यांचे काम विद्यापीठांत पोहोचले.

तिसरे उदाहरण आपल्या जुन्या प्रांतातील आहे. जबलपूर आणि वर्धा जेव्हा एकाच मध्यप्रांतात होते, त्या काळात वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे देशाच्या स्वातंत्र्यासाठी बाहेर पडले. जपान, अमेरिका असा प्रवास करून ते शेवटी मेक्सिकोस पोहोचले आणि चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले. तेथे त्यांनी मक्याच्या वाणांवर संशोधन केले. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. शेतकऱ्यांसाठी त्यांनी मोफत कृषी शाळा उघडल्या. दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराने त्यांना भित्तिचित्रात रेखाटले, ते लोकांना भाकरी वाटताना. स्वातंत्र्यानंतर ते मायदेशी परतले आणि १९६७ साली नागपूर येथे निवर्तले. प्राध्यापकपद मिळाल्यावर ज्याला शाळा उघडावीशी वाटली, त्याच्या हिशेबी शाळा ही खालची पायरी खचितच नव्हती.

या तिघांकडे पाहून मला वाटते ते स्पष्ट सांगते. शाळेतून परदेशी विद्यापीठात जाणे याला बढती म्हणू नका. तो कामाचा पालट आहे. बढती म्हटले की मागे राहिलेले शिक्षक आपोआप कमी ठरतात, आणि हे आपली मुले ऐकत असतात. जी शाळा तिच्याच पालकांना सुटका करून घेण्याची जागा वाटते, तेथे हुशार तरुण शिक्षक म्हणून कशाला येईल? दहावीचे गणित कोण शिकविणार, या काळजीचे मूळ येथेच आहे. बाईंच्या जाण्याने ती काळजी उघडी पडली, एवढेच.

पण त्या काळजीचे उत्तर बाईंना अडवून धरणे हेही नव्हे. ज्याने परिश्रमाने पात्रता मिळविली, त्याला शाळेच्या गरजेचे दोर बांधून ठेवण्याचा अधिकार कोणालाच नाही. म्हणून मी त्यांना राहा म्हटले नाही. एक मागणी मात्र केली. चौदा वर्षांत मुले कोठे अडतात, कोणत्या उदाहरणाने त्यांची गाठ सुटते, हे त्यांनी लिहून ठेवावे. त्यांनी ते मान्य केले. गेल्या दिवाळीपासून दर शनिवारी शाळा सुटल्यावर आमच्या दोन तरुण शिक्षिका त्यांच्यासमवेत बसतात. दोन वह्या भरल्या आहेत, तिसरी चालू आहे. यंदाच्या दहावीची उजळणी या दोघींनीच घेतली आणि बाई मागच्या बाकावर बसून होत्या.

माजी विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी जे महाविद्यालयांत किंवा परदेशी शिकवीत आहेत, त्यांच्याकडे माझे मागणे लहान आहे. देणगी अवश्य द्या, पण वर्षातून चार तास आमच्या शिक्षकांना द्या. तुमच्या विषयात नवे काय चालले आहे ते मराठीतून सांगा. ज्यांना पुढे शिकायचे आहे अशा शिक्षकांना अर्ज, प्रबंध, शोधनिबंध यांची वाट दाखवा. त्यांतला एखादा उद्या जाईल, याची भीती बाळगू नका. शिकत राहणारा शिक्षक जितकी वर्षे वर्गात असतो, तितकी वर्षे मुलांचा लाभच होतो.

पालकहो, तुमच्याकडे मागणे याहून साधे आहे. घरी मुलांसमोर शिक्षकाच्या नोकरीविषयी बोलताना जपून बोला. येत्या जूनमध्ये नव्या बाई दहावीच्या वर्गात उभ्या राहतील. पहिल्याच चाचणीनंतर त्यांची तुलना जुन्या बाईंशी करू नका. त्यांना एक वर्ष द्या.

आणि बाई, आपण येथे बसला आहात. शाळेच्या वतीने मी आपणांस निरोप देते आणि शुभेच्छा देते. तेथील भावी शिक्षकांना कधी खमरियाच्या वर्गाविषयी सांगाल, तेव्हा तेथे मुले मराठीतून गणित शिकत होती, हेही सांगा. तिसरी वही मात्र जाण्यापूर्वी पूर्ण करून द्या.