कॅमेरा लावताना आम्हांला कुणी विचारलं?

(मुळशी तालुक्यातील वाड्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज वनहक्काच्या दाव्यांवर बोलायचं ठरलंय. पण आधी त्या डबीचं बोलू. ओढ्याकाठी झाडाला गुडघ्याएवढ्या उंचीवर पट्ट्याने बांधलेली हिरवट डबी आपण सगळ्यांनी पाहिली. गेल्या महिन्यात कुणीतरी रागाने एक डबी ओढ्यात फेकली. आता वाडीतल्या पोरांची चौकशी चाललीय. म्हणून ती वस्तू काय आहे, ते नीट समजून घेऊ.

तो कॅमेरा आहे. पुढ्यातून ऊन अंगाचं काही हललं की आतला सेन्सर ते ओळखतो आणि आपोआप फोटो निघतो. रात्रीचाही निघतो. फोटोवर तारीख-वेळ पडते. बिबट्याचे ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात, त्यावरून एकच जनावर दोनदा आलं की दोन वेगळी आली, हे कळतं. कर्नाटकात नागरहोळेच्या जंगलात उल्लास कारंथांनी 1990 नंतर वाघाचे पट्टे बघून अशीच मोजणी केली. 2018 च्या व्याघ्रगणनेत देशभरात 26,838 ठिकाणी कॅमेरे लावले होते.

हे ज्ञान वाईट नाही. पिसोरी, खवले मांजर, उदमांजर ही लाजरी जनावरं, रात्रीची फिरणारी. आपले म्हातारे पाऊल नि लेंडी बघून सांगतात कोण गेलं ते. पण कचेरीत त्या सांगण्याला कोण विचारतो? तिथं फोटो चालतो.

मग आपलं भांडण कशाशी आहे? कॅमेऱ्याला पिसोरी कोण नि बाई कोण, हे कळत नाही. मोळी आणणारी बाई, रात्री खेकडे धरायला गेलेला गडी, आडोशाला बसलेली पोर, सगळ्यांचे फोटो त्यात येतात. ही नुसती भीती नाही. उत्तराखंडात कॉर्बेटच्या जंगलालगतच्या गावांतल्या बायांवर काय गुजरलं, त्याचा अभ्यास 2024 साली छापून आला. आडोशाला गेलेल्या एका बाईचा फोटो तिथं मोबाईलवर गावभर फिरला. बाया जंगलात मोठ्याने गाणी म्हणायच्या, जनावर लांब राहावं म्हणून. कॅमेरे आल्यावर त्यांचा आवाज दबला. बाईचा आवाज दबला की जनावर जवळ येतं. म्हणजे कॅमेऱ्याने लाज घेतली आणि जिवालाही घोर लावला.

ताम्हिणीचं अभयारण्य 2013 साली झालं. अभयारण्य झालं म्हणून आपला हक्क गेला, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. 2006 च्या वनहक्क कायद्यात अभयारण्याची जमीनही येते. कलम 3 मध्ये जंगल राखायचा हक्क आपला आहे, आणि कलम 5 मध्ये रानजनावरं राखायचा अधिकार ग्रामसभेला आहे. मग राखणाऱ्याला न विचारता राखण कशी होईल?

मुळशीला हे नवीन नाही. 1921 साली सेनापती बापटांबरोबर इथले मावळे धरणाविरुद्ध उठले. तरी जमिनी पाण्याखाली गेल्याच. ज्याची जमीन त्याला न विचारण्याची रीत तेव्हापासूनची आहे.

पण डबी फोडून ही रीत मोडत नाही. उलट आपल्याच पोरावर केस होते. म्हणून ग्रामसभेत असा ठराव घेऊ या:

1. ग्रामसभेला लेखी कळवल्याशिवाय आणि तिची संमती घेतल्याशिवाय कॅमेरा लागणार नाही.
2. पाणवठा, मोळीची वाट, बायांच्या आडोशाच्या जागा कुठल्या, ते बाया सांगतील. तिथं कॅमेरा नको.
3. माणसाचा फोटो आला तर तो पुसायचा. तो दाखवायचा नाही, त्यावरून केसही करायची नाही.
4. जनावरांच्या फोटोंची प्रत ग्रामसभेला मिळाली पाहिजे. कॅमेरे लावायला वाडीची पोरं मजुरीवर घ्यावीत.

चौथी मागणी विसरू नका. आपण राहतो त्या जंगलात पिसोरी जगते, याचा पुरावा त्या डबीत आहे. तो पुरावा आपल्या दाव्याच्या फायलीला लागला पाहिजे.

ठरावावर पहिली सही बायांची होऊ द्या. जंगल आमचं, राखणही आमचीच!

जिंदाबाद!