आईला विचारायचंच असेल तर

बाळाच्या जिभेवर गाठ दिसली की घरातला पहिला प्रश्न आईलाच असतो, "ग्रहणात काही चिरलंस का?" आज मला त्या आईच्या बाजूनं बोलायचं आहे.

जीभ एकसंध उगवत नाही. गर्भ ४ आठवड्यांचा, जेमतेम काही मिलिमीटरचा असताना गळ्याच्या जागी इवले उंचवटे उठतात. पुढच्यांची मिळून जिभेची पुढची बाजू होते, मागच्यातून मूळ. मधल्या सांध्यावर एक खळगी राहते. थायरॉइड ग्रंथी तिथंच जन्मते आणि ७व्या आठवड्यापर्यंत मानेत उतरते. तिच्या वाटेवर एक बारीक नळी असते.

सिंदेवाहीच्या धानपट्ट्यात मामा (माजी मालगुजारी) तलावातून धानाच्या बांधीत पाणी नेणारा पाट तुम्ही पाहिला आहे. काम सरलं की तो बुजतो. कुठं बुजायचा राहिला, तर तिथं डबकं साचतं. ही नळीही साधारण १०व्या आठवड्यापर्यंत विरते. तुकडा उरलाच, तर त्यात द्रव साचून गाठ होते. बहुतेकदा ती मानेत दिसते, जिभेच्या मुळाशी क्वचितच.

उंचवटे जुळताना त्वचेच्या पेशी आत अडकल्या, तरी गाठ होते. त्याहून दुर्मीळ गाठीत चक्क जठराचं अस्तर सापडतं. इवल्या गर्भात जठर होणारा भाग जिभेच्या जवळच असतो, त्याच्या काही पेशी तिथं राहून जात असाव्यात.

दिवस राहिल्याचं कळतं न कळतं, तोवर यातलं बरंचसं घडून गेलेलं असतं. ग्रहणाचा, विळीचा यात काही संबंध नाही.

गाठ सुईनं फोडू नका, चटका देऊ नका. पहिल्या ४२ दिवसांत आशाताई घरी येतात, त्यांना बाळाचं तोंड दाखवा. २०१३पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते. मात्र श्वास घरघरत असेल, उताणं निजवल्यावर बाळ गुदमरत असेल, तर तडक रुग्णालय गाठा. शस्त्रक्रियेआधी सोनोग्राफी करून थायरॉइड मानेत आहे ना, हे पाहतात. कधी गाठ म्हणजे जिभेतच थांबलेली ती ग्रंथी असते, आणि ती काढली तर मुलाला जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतात.

आईला विचारायचंच असेल, तर एवढंच विचारा, "बाळ दूध नीट ओढतं ना?"