आधी किल्ली, मग कुलूप

कोडं घालणाऱ्याची जीत कशात असते? समोरचा हरला की आपण जिंकलो, असं सर्वसाधारण मत. मला ते उलटं वाटतं. कोडं सुटलं, तरच ते घालणारा जिंकला.

आमच्या खडकीच्या घरी रविवारी माझा भाचा आणि त्याचे मित्र ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या अमेरिकनांनी १९७४ साली आणलेला हा खेळ. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात आणि तलवारीचा वार लागला की हुकला, ते फासा ठरवतो. गोष्टीत बंद दार आलं, की त्याचं कोडं मात्र खरंखुरं हातात द्यायचं. “मामू, या वेळी जादूगाराचं पत्र पाहिजे,” अशी फर्माईश होते आणि मी कामाला लागतो.

कागद खडकी बाजारातला साधाच. चहाच्या पाण्यात भिजवून वाळवला, की शंभर वर्षांचा दिसतो. त्याची बोटभर रुंद पट्टी कापायची, सरळ लाटण्याभोवती कडेला कड भिडवून तिरकी गुंडाळायची आणि एकेका वेढ्यावर एकेक अक्षर लिहीत जायचं. पट्टी सोडली, की अक्षरांची खिचडी! प्राचीन ग्रीसमधले स्पार्टाचे लोक असे निरोप पाठवत, असं सांगतात. तेवढ्याच जाडीची काठी मिळाली, तरच मजकूर जुळतो.

मी मुलांपुढे वेताची छडी, बासरी आणि लाटणं ठेवतो. गोष्टीतल्या फकिराच्या तोंडी एक वाक्य घालतो : ‘चंद्र लाटते, तिला विचारा.’ थोडा वेळ शांतता. मग कुणाला तरी पोळी आठवते आणि हात बरोबर लाटण्याकडे जातो.

अमीर खुसरोच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या पहेल्यांत ‘बूझ पहेली’ हा एक प्रकार आहे. तिचं उत्तर तिच्या शब्दांतच दडलेलं असतं. खेळाला हीच रीत बरी. किल्ली त्याच खोलीत हवी.

कुलूप फार पक्कं झालं तर काय होतं, याचा दाखला मराठीतच आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले. एका अक्षराच्या जागी दुसरं. ग्रंथ जपले गेले खरे. पण ‘लीळाचरित्रा’सारखं मराठीतलं आद्य गद्य पंथाबाहेरच्या मराठी माणसाला शतकानुशतकं वाचता आलं नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपी उलगडली, तेव्हा ते दार उघडलं.

मला तर मुलांना आतच घ्यायचं असतं. म्हणून मी आधी किल्ली करतो, मग कुलूप. एक खूण नजरेतून सुटेल म्हणून गोष्टीत आणखी दोन पेरतो. सगळं तयार झालं, की आपाला दाखवतो. तिला या खेळातलं काही कळत नाही. तिला सुटलं, तर मुलांना सुटणारच. कविता लिहितानाही हल्ली मी हे पथ्य पाळतो.

घरात मुलं असतील, तर येत्या रविवारी पोळ्या झाल्यावर लाटणं मागून घ्या. कागदाची एक पट्टी पुरते.