गिनीपिगचे वजन



गिनीपिग हा प्राणी आपल्यापैकी पुष्कळांना केवळ नावाने माहीत असतो. एखाद्यावर नवा प्रयोग करून पाहिला की 'त्याचा गिनीपिग केला' असे आपण सहज बोलून जातो. पूर्वी हा प्राणी प्रयोगशाळेबाहेर क्वचितच दृष्टीस पडे. आता मात्र शहरांतील अनेक घरांत मुलांच्या हट्टापायी त्याचा प्रवेश झाला आहे. गाय, कुत्रा, मांजर यांची निगा कशी राखावी हे आपल्याला वाडवडिलांपासून थोडेबहुत ठाऊक असते. या पाहुण्याविषयी तसे परंपरागत ज्ञान आपल्यापाशी नाही. त्यामुळे प्रेमाने पाळलेला हा जीव पुष्कळदा आपल्या अज्ञानानेच दगावतो. त्याचे वजन, त्याचा आहार आणि या दोहोंशी निगडित असलेले आजार यांविषयी आज मी बोलणार आहे.

प्रथम त्याची ओळख करून घेऊ. नावात 'गिनी' असले तरी तो आफ्रिकेतील गिनीचा नाही, आणि 'पिग' म्हटले तरी डुकराशी त्याचे नाते नाही. तो उंदीर, खार, साळिंदर यांच्याप्रमाणे कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गणातला. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या प्रदेशात, म्हणजे आजच्या पेरू, बोलिव्हिया या देशांच्या बाजूस, तेथील लोकांनी काही हजार वर्षांपूर्वी त्याला माणसाळविले, आणि तेही मांसासाठी. आजही तेथे तो खाल्ला जातो. सोळाव्या शतकात तो युरोपात पोहोचला. थंड डोंगराळ हवा आणि बारमाही गवत हे त्याचे मूळचे जीवन होय. हे एवढे ध्यानी ठेवले तर पुढचे बरेचसे आपोआप उलगडते.

जन्मलेल्या पिलाचे वजन साधारणतः ७० ते १०० ग्रॅम असते. हे पिलू उंदराच्या पिलासारखे आंधळे व उघडेबोडके नसते. डोळे उघडे, अंगावर केस, तोंडात दात अशा सिद्धतेनेच ते जगात येते आणि एक-दोन दिवसांत पाला चघळू लागते. पूर्ण वाढलेला नर ९०० ते १२०० ग्रॅम व मादी ७०० ते ९०० ग्रॅम भरते. तथापि हे आकडे केवळ अंदाजासाठी आहेत. एखादी मादी हाडापेराने मोठी असली तर हजार ग्रॅम होऊनही निरोगी असते. महत्त्व आहे ते त्या विशिष्ट प्राण्याचे वजन गेल्या आठवड्यात किती होते आणि या आठवड्यात किती आहे, यास.

ही गोष्ट मी पुस्तकातून शिकलो नाही. पुस्तकातून शिकलेला मनुष्य कसा फसतो, तेच सांगतो. चाळीस वर्षे मी प्राणिशास्त्र शिकविले. गिनीपिगच्या पचनसंस्थेची आकृती फळ्यावर किती वेळा काढली असेल, याची गणती नाही. सेवानिवृत्तीनंतर नातीच्या आग्रहास्तव ग्वाल्हेरच्या आमच्या घरी या प्राण्यांची एक जोडी आली. आखूड केसांचा तांबूस नर, त्याचे नाव तांबू, आणि लांब पांढऱ्या केसांची मादी कापशी. विकणाऱ्याने दोघेही नर म्हणून दिले होते. ती चूक आमच्या लवकरच ध्यानात आली आणि पिंजरे वेगळे झाले. कापशीच्या केसांचे सर्वांस मोठे कौतुक. खाण्याची थाळी ठेवली की ती धावत येई, पान उचली, तोंडात घोळवी. ती ते पान पुन्हा खाली टाकते, हे कोणाच्याच नजरेस आले नाही. एके दिवशी नात म्हणाली, "आजोबा, हिच्या पाठीला काटे आले आहेत." मी हात लावून पाहिला. केसांखाली पाठीचा एकेक मणका बोटास लागत होता. जनावरांच्या डॉक्टरांनी तोंड उघडून दाखविले, तेव्हा खालच्या दोन्ही बाजूंच्या दाढा आत वाढून जिभेवर कमान झाली होती. बिचारीला भूक होती, पण गिळता येत नव्हते. दाढा घासण्यासाठी भूल द्यावी, इतकी शक्ती तिच्यात उरली नव्हती. तिसऱ्या दिवशी ती गेली.

हे कित्येक आठवडे चालले असणार, आणि घरात काटा असता तर पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच कळले असते.

गिनीपिग हा शिकाऱ्यांचे भक्ष्य असलेला प्राणी आहे. रानात जो आजारी दिसतो त्याच्यावर प्रथम झडप पडते. म्हणून दुखणे लपविणे हा त्याचा जन्मजात स्वभाव बनला आहे. तो मलूल होऊन कोपऱ्यात बसला, केस विस्कटले, हाक मारूनही शीळ घालीनासा झाला, म्हणजे आजार बराच पुढे गेलेला असतो. तेवढे वजन मात्र त्याला लपविता येत नाही.

यासाठी स्वयंपाकघरात ग्रॅम दाखविणारा जो काटा असतो तो पुरे. त्यावर एक खोलगट डबा ठेवावा, तळाशी फडके घालावे, डब्याचे वजन वजा करावे. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी आणि शक्यतो खाण्यापूर्वी वजन करून वहीत लिहावे. पोट भरलेले आहे की रिकामे, एवढ्यानेही वीस-तीस ग्रॅमांचा फरक पडतो. त्याची चिंता नको. पन्नास ग्रॅमांहून अधिक घट दिसली तर रोज वजन करू लागावे आणि दात, विष्ठा, खाणे यांकडे बारकाईने पाहावे. एकूण वजनाचा दहावा हिस्सा घटला तर वाट पाहू नये. नऊशे ग्रॅमच्या प्राण्याचे नव्वद ग्रॅम जाणे म्हणजे साठ किलोच्या माणसाचे सहा किलो जाण्यासारखे आहे.

आता आहाराकडे वळू. त्याच्या तोंडात वीस दात असतात आणि ते सर्वच्या सर्व जन्मभर वाढत राहतात. ही वाढ झिजवून टाकण्याचा निसर्गाने योजिलेला उपाय म्हणजे गवत. वाळलेले स्वच्छ गवत त्याच्यापुढे रात्रंदिवस असले पाहिजे. त्याच्या आहाराचा बहुतांश भाग तेच असावे. कापशीला आम्ही पोळीचे तुकडे, मऊ भाज्या आणि तयार गोळीखाद्य देत होतो, गवत नावापुरते. तिच्या दाढा वाढण्याचे हे एक मोठे कारण, आणि ते माझ्याच घरातले. आपल्या अंगणातील हरळी, जिच्या दूर्वा आपण गणपतीला वाहतो, ती याला उत्तम. मात्र औषधाची फवारणी झालेली किंवा कुत्र्यांच्या वावरातली नसावी. लसूणघास गाभण मादीला आणि वाढत्या पिलांना चालतो. मोठ्या प्राण्यास तो रोज दिला तर त्यातील कॅल्शियमामुळे मूतखड्याची भीती असते. ज्वारीचे कोवळे फुटवे गुरांना विषारी ठरतात हे शेतकऱ्यास सांगावयास नको. त्यांच्यापासून यालाही दूर ठेवावे.

गवताखालोखाल महत्त्व आहे क जीवनसत्त्वाचे, आणि येथे हा प्राणी आपला सगोत्र निघतो. गाय, कुत्रा, उंदीर यांची शरीरे हे जीवनसत्त्व स्वतः तयार करतात. माणसाला व गिनीपिगला ते साधत नाही. त्यासाठी लागणारे अखेरचे एन्झाइम दोघांच्याही यकृतात नाही. हा शोध काहीसा अनपेक्षितपणे लागला. नॉर्वेतील ॲक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिख हे संशोधक खलाशांच्या बेरीबेरीचा अभ्यास करीत होते. त्यांनी गिनीपिगना केवळ धान्यावर ठेवून पाहिले, तेव्हा बेरीबेरी न होता त्यांच्या हिरड्या व सांधे बिघडले. खलाशांचा जुना शत्रू स्कर्व्ही तो हाच. हे निष्कर्ष १९०७ साली प्रसिद्ध झाले. पुढे १९३२ मध्ये सेंट-ग्योर्गी यांनी आपण वेगळा केलेला पदार्थ म्हणजेच क जीवनसत्त्व होय, हे याच प्राण्यावरील प्रयोगांनी दाखविले. १९३७ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. माणसाचा स्कर्व्ही समजून घेण्यासाठी ज्या प्राण्याने प्राण वेचले, तोच आपल्या घरात स्कर्व्हीने मरावा, यास काय म्हणावे?

प्रौढ प्राण्यास दर किलो वजनामागे रोज सुमारे १० ते ३० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागते. गाभण व आजारी असता अधिक. पेरू देशातून आलेल्या या प्राण्याची गरज आपल्याकडचे पेरू हे फळ छान भागविते. शंभर ग्रॅम पेरूत हे जीवनसत्त्व सुमारे २०० मिलिग्रॅम असते. म्हणजे दहा-बारा ग्रॅमची फोड दिवसाला पुरते. याहून मोठी देऊ नये, कारण फळातील साखर त्याच्या पोटास मानवत नाही. ढोबळी मिरची आणि कोथिंबीर यांचाही चांगला उपयोग होतो. पालकात ऑक्झलेट फार, म्हणून तो क्वचितच द्यावा. कांदा, लसूण, बटाटा, दूध, भात, पोळी आणि आपल्या ताटातले उरलेसुरले काहीही नको.

गोळीखाद्यावर 'क जीवनसत्त्वयुक्त' असे छापलेले असते. ते खरेही असते, पण काही काळापुरते. तयार झाल्यापासून तीनेक महिन्यांत त्यातील पुष्कळसे जीवनसत्त्व नष्ट होते. उष्ण व दमट हवेत त्याहून लवकर. स्वस्त पडते म्हणून मी एकदा पाच किलोची पिशवी आणली. तांबू एकटा खाणारा. ती संपेना. त्यातच उन्हाळ्याचे दिवस. बाजारात भाजी महाग म्हणून तीही कमी झालेली. नातीच्या वहीत मात्र आकडे उतरत होते : ९४०, ९३५, ९०५, ८६०. "उन्हाने खाणे मंदावले असेल," असे मी म्हणालो. एकदा फसलेला मनुष्य दुसऱ्यांदा फसत नाही, हे काही खरे नाही. नातीने ऐकले नाही. डॉक्टरांकडे नेल्यावर त्याचे मागचे सांधे सुजलेले निघाले. हात लावताच तो किंचाळत होता. क जीवनसत्त्वाचे थेंब पिचकारीने थेट तोंडात देऊ लागलो आणि आठवड्याभरात तो पुन्हा चालू लागला. हे थेंब पिण्याच्या पाण्यात मिसळू नयेत. ते तेथे टिकत नाहीत, शिवाय चव बदलल्यामुळे प्राणी पाणीच सोडतो.

वजन घटणे वाईट, तसे वाढणेही. मोठ्या प्राण्याला रोज दोन चमच्यांहून अधिक गोळीखाद्य देऊन लहानशा पिंजऱ्यात बसवून ठेवले, तर तो गुबगुबीत होतो आणि पाहुणे कौतुक करतात. अशा स्थूल प्राण्याच्या तळपायांना, विशेषतः जाळीच्या फरशीवर, जखमा होतात. आणि काही कारणाने एखादा दिवस जरी त्याचे खाणे तुटले तरी यकृतात चरबी साचून तो झपाट्याने खालावतो. उपवास या प्राण्यास सोसत नाही. त्याचे आतडे सतत चालते राहावे लागते. वयस्क मादीचे पोट दोन्ही बाजूंनी फुगत असेल आणि पाठीचे हाड मात्र वर येत असेल, तर ती लठ्ठ झालेली नसून अंडाशयात गाठी झाल्या असण्याचा संभव असतो.

औषधांविषयी एक इशारा देणे अवश्य आहे. घरात उरलेली पेनिसिलिन, अॅम्पिसिलिन, अॅमॉक्सिसिलिन या जातीची औषधे याला कदापि देऊ नयेत. त्याच्या आतड्यातील उपकारक जंतू त्यांनी मरतात, घातक जंतू माजतात आणि काही दिवसांत प्राणी दगावतो. ऑक्सफर्डमध्ये २५ मे १९४० रोजी पेनिसिलिनची जी प्रसिद्ध कसोटी झाली, ती आठ उंदरांवर. त्या दिवशी फ्लोरींनी गिनीपिग घेतले असते, तर ते औषध विषारी म्हणून बाजूला पडले असते, असे म्हणतात.

आणि आमच्या बाजूचा मे महिना! तिशीच्या पुढे पारा गेला की डोंगरातला हा प्राणी कासावीस होतो. ग्वाल्हेरला तो पंचेचाळिसापर्यंत चढतो. घाम गाळून अंग थंड ठेवण्याची सोय त्याला नाही. अंग ताणून पडणे, तोंडातून लाळ गळणे ही उष्माघाताची चिन्हे होत. घरातली सर्वांत गार खोली त्याला द्यावी आणि पिंजऱ्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेले मातीचे भांडे ठेवावे. तो स्वतः जाऊन त्याला टेकून बसतो.

तांबू आता पाच वर्षांचा झाला आहे. रविवारी सकाळी नात पितळी डबा काट्यावर ठेवते. त्या आवाजाबरोबर तो शीळ घालू लागतो, कारण वजन झाले की कोथिंबिरीची काडी मिळते, हे त्याने केव्हाच हेरले आहे. गेल्या रविवारी तो ९२५ ग्रॅम भरला.