सुट्टीचे उपक्रम आणि बालमनातील कणव

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात बालवाडी विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



रुग्णालयाच्या अहवालात खाटा, शस्त्रक्रिया आणि जमाखर्च यांना अग्रस्थान असावे, हे रास्तच आहे. तरीही आवारातील बालवाडीविषयी चार शब्द बोलण्याची संधी विश्वस्तांनी आम्हांस दिली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. परिचारिकांची, आयांची, सफाई कर्मचाऱ्यांची आणि जवळच्या वस्तीतील तीन ते पाच वर्षांची मुले येथे येतात. दिवाळीत आणि मे महिन्यात शाळांना सुट्टी असते; रुग्णालयाला ती नसते. आईची पाळी चालू म्हणून बालवाडीही चालू. या दिवसांत अक्षरे-अंक बाजूला ठेवून मुलांना दुसऱ्याच्या सुखदुःखाकडे पाहावयास शिकवावे, असे आम्ही ठरविले.

आरंभी आम्ही चुकलो. ती हकिगत आपणांसमोर सांगणे आम्हांस आवश्यक वाटते.

पहिल्या दिवाळीत नवे कपडे घातलेली आमची मुले रांगेने बालरुग्ण कक्षात गेली. प्रत्येकाच्या हाती खेळण्यांचे एक पुडके होते. छायाचित्रकारही बोलाविला होता. पुडकी दिली गेली, टाळ्या झाल्या. पायाला प्लॅस्टर घातलेल्या सहा वर्षांच्या एका मुलाने मात्र पुडके घेतले नाही. त्याने तोंड भिंतीकडे वळविले. "घे ना बाळा, फोटो काढायचाय," असे आमच्यापैकीच कोणीतरी म्हणाले. थोड्या वेळाने त्याच्या आईने आम्हांस व्हरांड्यात गाठले. ती रागावली नव्हती. "ताई, गावाकडं दिवाळीत अख्ख्या आळीला फराळाची ताटं हाच पोचवतो. इथं आल्यापासून नुसतं घ्यायचंच काम आहे त्याला," एवढेच ती म्हणाली.

त्याच दिवशी परत येताना आमच्या चार वर्षांच्या एका मुलीने विचारले, "आता आमचं चॉकलेट कुठाय?" ते देण्याचे आम्हीच कबूल केले होते. घेणारा खजील झाला आणि देणारी हिशेब शिकली. एका तासाच्या कार्यक्रमाची ही फलश्रुती होती.

या वयातील मूल उपजत आपमतलबी असते व त्याला दया शिकवावी लागते, हा आपला नेहमीचा समज. जर्मनीतील लाइपझिग येथील संशोधक फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, अनोळखी मोठ्या माणसाच्या हातून पडलेली वस्तू अठरा महिन्यांच्या बहुतेक मुलांनी, कोणी न सांगता, उचलून दिली. त्यांनीच २००८ साली आणखी एक गोष्ट दाखविली. मदतीबद्दल ज्यांना प्रत्येक वेळी खेळण्याचे बक्षीस मिळाले, ती वीस महिन्यांची मुले पुढे, बक्षीस थांबल्यावर, इतरांपेक्षा कमी मदत करू लागली. तिसरा प्रयोग कॅनडातील, २०१२ सालचा. दोन वर्षांच्या आतील मुले खाऊ मिळाल्यापेक्षा तो देताना अधिक आनंदी दिसली. आणि प्रयोगकर्त्याने हातात ठेवलेला खाऊ देण्यापेक्षा स्वतःच्या वाडग्यातला देताना त्यांचा आनंद अधिक होता. आमची पुडकी मुलांची नव्हतीच. ती देणगीदारांची होती. मुले केवळ हमाल होती.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे व पुढे कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचे काम उभारले, तेव्हा महागड्या परदेशी साधनांऐवजी मुलांच्या परिसरातील वस्तूच शिकण्यासाठी वापरल्या. त्याच वाटेने आम्ही सणांकडे पुन्हा पाहिले. ताट शेजारी पोचविणे, तिळगूळ देणे, पांथस्थाला पाणी देणे यांत देणे तर आहेच, पण मूल तेथे कोणाच्या तरी दारी स्वतः जाते, त्याच्याशी बोलते आणि रिकाम्या ताटात काहीतरी घेऊन परत येते. आमच्या कार्यक्रमात नेमके हे परत येणे नव्हते.

दुसऱ्या वर्षी आम्ही किल्ला केला. बालरुग्ण कक्षाच्या खिडकीखाली मोकळी जागा आहे. संसर्गाचे भय दोन्ही बाजूंनी असल्याने लहान मुलांना कक्षात प्रवेश नाही, आणि तो नियम योग्यच आहे. तेव्हा माती, दगड आणि गोणपाट घेऊन आमची मुले खाली बसली आणि आजारी मुलांनी वरून किल्लेदारी केली. बुरूज कोठे, तळे कोठे, महाराजांचे सिंहासन कोणत्या बाजूस, हे खिडकीतून ठरे. ज्यांना उठता येत नव्हते त्यांचे निरोप परिचारिका पोचवीत. खालच्या एका तीन वर्षांच्या मुलाला वरून आलेला प्रत्येक हुकूम अमान्य होता. त्याने दोनदा तळे बुजविले. आम्ही मध्ये पडलो नाही. तिसऱ्या दिवशी वरून निरोप आला, "तळं नको, तिथं हळीव पेर." ते त्याने निमूटपणे पेरले आणि रोज सकाळी "उगवलं!" असे ओरडून वर सांगू लागला. कक्षातील मुलांनी कागदाचा आकाशकंदील करून बालवाडीसाठी पाठविला. तो थोडा वाकडा होता आणि महिनाभर आमच्या दारावर टांगलेला होता.

त्या दिवाळीत फटाक्यांविषयी आम्ही उपदेश केला नाही. खिडकीतल्या एका मुलीने मोठ्या आवाजाने दचकायला होते असे सांगितले, एवढेच घडले. घरी जाऊन आमच्या काही मुलांनी वडिलांशी हुज्जत घातल्याचे पालकांकडून कळले. सर्वांनी घातली, असा दावा आम्ही करणार नाही.

संक्रांतीचा तिळगूळ कक्षात नेत नाही. पथ्ये असतात, शिवाय कडक लाडू लहानग्यांच्या घशात अडकण्याची भीती.

मे महिन्यात बाह्यरुग्ण विभागाबाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांना मुले पाणी नेऊन देतात. पेला लहान, पावले त्याहून लहान. अर्धे पाणी वाटेत सांडते. आम्ही हात लावीत नाही आणि "शाब्बास" म्हणण्याचाही मोह आवरतो. पेला देऊन झाल्यावर मूल विचारते, "आजोबा, तुमचं कोण आजारी आहे?" आम्ही मोठी माणसे त्या बाकावरून दिवसातून वीस वेळा जातो, आमच्यापैकी कोणी हे विचारल्याचे आम्हांस स्मरत नाही.

आता एक विनंती. आपल्यापैकी अनेक जण मुलांच्या वाढदिवसानिमित्त रुग्णांना फळे वा खेळणी वाटण्यासाठी त्यांना कक्षात नेण्याची इच्छा व्यक्त करतात. आपला हेतू शुद्ध असतो, याविषयी आमच्या मनात किंतु नाही. रुग्णालय आपल्याच औदार्यावर उभे आहे, हेही आम्ही जाणतो. परंतु यापुढे कृपया तसे करू नये. त्याऐवजी मुलाला घरी स्वतःच्या वस्तूंतून, पुसून स्वच्छ करता येईल अशी एखादी वस्तू निवडू द्यावी. त्याने काहीच निवडले नाही तर आग्रह धरू नये. निवडलेली वस्तू कार्यालयात द्यावी. ज्याला ती मिळेल, त्याने काढलेले चित्र आम्ही आपल्या घरी पाठवू. घेणाऱ्या मुलाचे छायाचित्र मात्र पाठविले जाणार नाही, व या अहवालातही ते आपणांस दिसणार नाही. काही देणगीदारांना हे रुचले नाही आणि तसे त्यांनी आम्हांस कळविले. त्यांच्या नाराजीचा आदर राखूनही आम्ही या निर्णयावर ठाम आहोत.

येत्या दिवाळीच्या किल्ल्यासाठी लाल माती हवी आहे. चार पोती पुरेशी होतील. कोणाच्या शेतातून वा बागेतून देता आल्यास बालवाडीच्या बाईंना कळवावे. आणावयास आम्ही येऊ.